वीजपेटीसमोरची जागा मोकळी ठेवा

शेतावर वीज घ्यायची ठरली की मोटार किती अश्वशक्तीची असावी, पाइप किती इंची टाकावा, केबल तांब्याची घ्यावी की ॲल्युमिनियमची, याचा विचार शेतकरी पुष्कळ करतो. चार ठिकाणी चौकशी करतो, भाव काढतो. परंतु ज्या पेटीतून ही सगळी वीज जाते ती पेटी नेमकी कोठे बसवायची आणि तिच्यापुढे माणसाला उभे राहण्यास किती जागा ठेवायची, याचा विचार सहसा होत नाही. डी.पी.कडून आलेली वायर जेथे सोयीची पडेल तेथे खांब रोवला जातो आणि पेटी टांगली जाते. पुढे वर्षानुवर्षे त्या पेटीभोवती एकेक वस्तू येऊन बसते. आज खताच्या दोन गोण्या, उद्या फवारणीचा पंप, परवा ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे. पेटी तीच राहते, तिच्यापुढची जागा मात्र दर हंगामात कमी होत जाते.

आमच्या घरच्या विहिरीवर असेच झाले. पहिल्यांदा पेटी बसविली तेव्हा तेथे विहिरीचा कठडा आणि एक लोखंडी डिलिव्हरी पाइप, एवढेच होते. नंतर दुसरा पाइप आला, ठिबकची गाळणी आली, खत सोडण्याची टाकी आली. पेटी व गाळणी यांच्यामध्ये जेमतेम दीड फूट जागा उरली. माणूस तिरका होऊनच आत शिरायचा. पावसाळ्यात एका रात्री माझा चुलत भाऊ दारे धरायला गेला असता मोटार बंद पडली. स्टार्टर पुन्हा चालू करण्यासाठी तो त्या दीड फुटात शिरला. अंगातील सदरा ओला, पाय चिखलात. त्याने स्टार्टरला हात लावला त्याच वेळी त्याचे कोपर पाठीमागच्या लोखंडी पाइपला टेकले आणि झटका बसला. मागे सरकायला जागा नव्हती म्हणून तो बाजूला फेकला गेला. बाजूला विहीर होती. कठडा मजबूत असल्याने तो आत पडला नाही. मनगटाचे हाड मोडले एवढ्यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी वायरमनने पेटी उघडून पाहिली. आतील एका वायरचे आवरण उंदराने कुरतडले होते व ती स्टार्टरच्या पत्र्याला टेकली होती. अर्थिंगची तार क्लॅम्पजवळ गंजून तुटलेली होती. हे दोन्ही दोष त्याने अर्ध्या तासात काढून टाकले. तिसरा दोष म्हणजे ती दीड फुटाची जागा. तो काढायला आम्हाला दिवाळी उजाडली, कारण त्यासाठी गाळणी हलवावी लागणार होती. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कुरतडलेली वायर व तुटलेले अर्थिंग पेटी बंद असताना दिसत नाहीत. त्यासाठी जाणकार माणूस व उपकरण लागते. पेटीसमोरची जागा मात्र कोणालाही रोज डोळ्यांनी दिसते, आणि ती मोकळी करण्यास वायरमनची वाट पाहावी लागत नाही.

अडचणीत झटका का लागतो?

विजेचा प्रवाह शरीरातून वाहण्यासाठी त्याला आत येण्यास एक जागा व बाहेर जाण्यास दुसरी जागा लागते. हात पेटीला लागला आणि पाय कोरड्या लाकडावर असले तर बाहेर जाण्याची वाट अवघड होते व प्रवाह अगदी थोडा वाहतो. याउलट पाय चिखलात असतील, किंवा पाठ, कोपर, गुडघा यांपैकी काही लोखंडी पाइपाला, ओल्या भिंतीला अथवा कठड्याला टेकले असेल, तर वाट सोपी होते. हातातून शिरलेला प्रवाह दुसऱ्या हातातून किंवा पाठीतून बाहेर पडला तर तो छातीतून, म्हणजे हृदयाजवळून जातो. अरुंद जागेत शरीर कोठे ना कोठे टेकतेच. अडचणीचा धोका मुख्यतः येथे आहे.

प्रवाह किती असला म्हणजे जीव जातो, याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. ‘घरची वीज साधी, ती काय करते’ असे म्हटले जाते. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह असला की मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात व धरलेली वस्तू सोडवत नाही. ३० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह काही सेकंद वाहिला तर श्वास व हृदय बंद पडण्याची भीती असते. आता हिशेब करा. ओल्या शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा जेवढी वीज घेतो, साधारण तेवढाच हा प्रवाह आहे. थ्री-फेज मोटारीच्या पेटीत तर दोन फेजमधील दाब ४०० व्होल्टच्या वर असतो.

जुने वायरमन एक हात पाठीमागे ठेवून दुसऱ्या हाताने काम करतात ते याचसाठी. पण हात पाठीमागे घ्यायला पाठीमागे जागा तर हवी!

जागा किती हवी?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत मध्यम व त्यावरील दाबाच्या बोर्डासमोर ३ फूट, म्हणजे ९१४ मि.मी., मोकळी जागा सांगितलेली होती. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षाविषयक विनियम केले, त्यांत हे अंतर १ मीटर करण्यात आले. पुढे २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. मध्यम दाब म्हणजे २५० व्होल्टच्या वरचा, अर्थात थ्री-फेज पंपाची पेटी यात येते. घरची सिंगल-फेज पेटी त्याखालच्या दाबाची असली, तरी माणसाचे शरीर तेच आहे. तेव्हा दोन्ही ठिकाणी १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, हेच माप धरावे. हे अंतर पेटीच्या सर्वांत पुढे आलेल्या भागापासून मोजावे, भिंतीपासून नव्हे. भिंतीपासून मोजल्यास पेटीची सात-आठ इंच जाडी त्यातच गेलेली असते.

समोरचे अंतर झाले, बाजूंचे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत पेटीसमोर काम करण्याच्या जागेची रुंदी निदान ३० इंच आणि उंची साडेसहा फूट असावी, तसेच पेटीचे दार पूर्ण काटकोनात उघडावे, असे म्हटले आहे. हे माप आपल्याकडेही उपयोगी पडते. दार अर्धेच उघडत असेल तर माणूस मान वाकडी करून, हात आत घालून चाचपडतो. हे फार वाईट. शिवाय मेनस्विच चालू करताना पेटीच्या अगदी समोर उभे न राहता एका बाजूला उभे राहावे व तोंड फिरवावे, म्हणजे आत ठिणगी उडाल्यास चेहऱ्यावर येत नाही. बाजूला ड्रम ठेवलेला असेल तर असे उभे राहता येत नाही.

काही ठिकाणी लोखंडी अँगलच्या चौकटीवर बोर्ड उभा करतात व वायरींची उघडी टोके मागील बाजूस असतात. अशा बोर्डामागील जागा २० सें.मी.पेक्षा कमी किंवा ७५ सें.मी.पेक्षा जास्त असावी, असा नियम आहे. प्रथम वाचताना हा नियम चमत्कारिक वाटतो; पण त्यामागचा विचार सरळ आहे. एक तर तेथे माणूस शिरूच नये, किंवा शिरला तर त्याला न टेकता वावरता यावे. मधले अंतर सर्वांत घातक.

पेटीची दिशा आणि पायाखालची जमीन

पेटी नवीन बसवायची असेल किंवा हलवायची असेल तर आधी पेटी न पाहता पेटीसमोर उभा राहणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. पेटीकडे तोंड करून उभे राहिल्यावर त्याच्या पाठीमागे विहीर, हौद किंवा चारी येऊ नये. झटका बसल्यावर माणूस कोणीकडे पडेल हे त्याच्या हाती नसते. मागे सपाट, मोकळी जमीन असावी व तेथून सरळ बाहेर पडता यावे.

आपल्याकडे पावसाळ्यातील झड मुख्यतः पश्चिम व नैर्ऋत्येकडून येते. म्हणून पेटीचे तोंड शक्यतो पूर्वेस किंवा उत्तरेस ठेवावे व वर पत्र्याचे पुढे आलेले छप्पर करावे. छपराची पागोळी पेटीसमोर उभ्या राहणाऱ्याच्या डोक्यावर न पडता बाजूला जाईल असा उतार द्यावा. बऱ्याच ठिकाणी पेटीला छप्पर असते, पण त्याचे सर्व पाणी उभे राहण्याच्या जागेवरच पडते. पेटीचा दांडा उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आला म्हणजे वाकावे लागत नाही व टाचाही उंच कराव्या लागत नाहीत. नदीकाठच्या पंपांची पेटी मात्र पूररेषेच्या वर हवी. तसे करताना ती उंचावर गेली तर उभे राहण्यासाठी पक्का, पुरेसा रुंद ओटा बांधावा; शिडीवर चढून फ्यूज पाहण्याची पाळी येऊ देऊ नये. २०१९ व २०२१ सालच्या पुरांत कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी अनेक मोटारी व पेट्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरल्यावर पेटीत व पेटीसमोर गाळ साचतो. तो काढून, पेटी पूर्ण वाळवून, जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज वीज चालू करू नये.

पेटीसमोर एक मीटर लांब, एक मीटर रुंद व चार ते सहा इंच उंच असा विटांचा किंवा काँक्रीटचा ओटा करावा. ओट्याला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा. भोवती दोन फूट रुंदीत चार इंच जाडीची खडी पसरावी. वीज उपकेंद्राच्या आवारात खडी अंथरलेली असते. तिच्यामुळे चिखल होत नाही, गवत कमी उगवते व पायातून जमिनीत जाणाऱ्या प्रवाहाला अडथळा होतो. ओट्यावर कोरडी लाकडी फळी किंवा भारतीय मानक चिन्ह असलेली विद्युतरोधक रबरी चटई ठेवावी. जुन्या टायरचा तुकडा किंवा ट्यूब कापून अंथरण्याची पद्धत आढळते. टायरच्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि काजळी वीज वाहून नेते. म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये. ओले पोते तर मुळीच नको.

पेटीभोवती काय येऊन बसते?

खताच्या गोण्यांची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, कारण ती सर्वत्र दिसते. रासायनिक खते हवेतील ओल शोषून घेतात. त्यांचे पाणी सुटते, धूळ पेटीत जाते व पत्रा, स्क्रू, अर्थिंगचे क्लॅम्प गंजतात. पंपघरात पेटी असेल तर खते दुसरीकडे ठेवावीत. कीटकनाशके, डिझेलचा कॅन व कडबा यांना पेटीजवळ थारा नको. फ्यूज उडताना पडलेली एक ठिणगी गंजी पेटवायला पुरते.

ऊस असलेल्या भागात पेटी फडाच्या मधोमध राहते. लागणीच्या वेळी सगळे मोकळे असते, पण श्रावण-भाद्रपदात ऊस डोक्यावर जातो, ओली पाने पेटीवर घासतात व पेटीपर्यंत जाणारी वाटच दिसत नाही. लागण करतानाच पेटीच्या सर्व बाजूंनी दोन मीटर पट्टा पडीक सोडावा. दोन सऱ्यांचे नुकसान होते हे खरे. पण त्या दोन सऱ्यांसाठी वर्षभर रात्री चाचपडत जायचे, हा हिशेब पटण्यासारखा नाही. अशा दाट जागी साप आणि गांधीलमाश्याही असतात. पेटी उघडताच गांधीलमाश्या अंगावर आल्या तर माणूस हात झटकतो, आणि तो हात नेमका कोठे लागेल हे सांगता येत नाही. तोडणीनंतर पाचट पेटवितात त्या वेळी केबल जळते, ती हानी वेगळीच. द्राक्षबागायतदारांनी मांडवाच्या तारा पेटीपर्यंत किंवा पेटीच्या खांबापर्यंत आणू नयेत. एका ठिकाणी केबल सोलली तर सबंध मांडवात वीज उतरते.

पेटीच्या खांबाला बैल, म्हैस बांधू नये. जनावराच्या पुढील व मागील पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीत उतरलेल्या विजेचा झटका त्याला माणसापेक्षा अधिक बसतो. शेळ्याही तेथे बांधू नयेत. त्या पेटीवर पुढचे पाय टेकवून उभ्या राहतात.

घराबाहेरील पेटी

वस्तीवरच्या घरात मीटर व मेनस्विच बहुधा ओसरीच्या बाहेर किंवा बाजूच्या भिंतीवर असतात. येथे सर्वांत घातक वस्तू म्हणजे कपडे वाळत घालण्याची तार. तिचे एक टोक मीटरजवळच्या खिळ्याला किंवा सर्व्हिस वायरच्या पाइपाला बांधलेले असते. वाऱ्याने घासून वायरचे आवरण जाते, तारेत वीज उतरते, आणि ओले लुगडे घेऊन तेथे घरातील बाई जाते. तिला वाचवायला धावलेला दुसरा माणूसही त्यात सापडतो. कपड्यांसाठी सुती किंवा नायलॉनची दोरी वापरावी आणि ती पेटीपासून दूर, दोन स्वतंत्र मेढींना बांधावी.

धुण्याचा दगड, न्हाणी, पाण्याचा नळ व रांजण पेटीपासून निदान आठ फूट दूर असावेत. पेटीखाली मोटारसायकल लावणे, सायकल टेकविणे, जळणाची रास रचणे हे सर्रास चालते. अंधारात वीज गेल्यावर माणूस बॅटरी घेऊन जातो आणि मोटारसायकलवर ओणवा होऊन हात लांब करून मेनस्विच शोधतो. हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे, कदाचित आपणच केले आहे. घरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरवर तुटणारा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा. जागा मोकळी ठेवण्याला तो पर्याय नव्हे, जोड आहे.

पेटीला हात लावण्यापूर्वी

डी.पी.वरील फ्यूज शेतकऱ्याने स्वतः कधीही बदलू नये. ते काम वीज कंपनीच्या माणसाचेच आहे. तक्रारीसाठी महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. आपल्या पेटीतील फ्यूज पाहायचा असेल तर आधी मेनस्विच बंद करावा. तरीही मेनस्विचच्या ज्या टोकांना बाहेरची वायर येऊन मिळते, त्यांत वीज असतेच, हे विसरू नये. फ्यूजच्या पकडी काढून स्वतःच्या खिशात ठेवाव्यात.

पूर्वी पेटीजवळ काम चालू असताना दुसरा कोणी येऊन मोटार चालू करील एवढीच भीती होती. आता ऑटो स्टार्टर वीज येताच आपोआप मोटार चालू करतो, आणि मोबाइल स्टार्टर असेल तर गावात बसलेला भाऊ फोनवरून मोटार चालू करतो. त्याला विहिरीवर आपण उभे आहोत हे ठाऊक नसते. म्हणून ऑटो बंद करणे व घरी फोन करून सांगणे ही दोन्ही कामे आधी करावीत. पेटीत कपॅसिटर असल्यास वीज बंद केल्यावर निदान पाच मिनिटे थांबावे, कारण त्यात काही काळ वीज साठून राहते.

दसऱ्याला आपण मोटार व स्टार्टरची पूजा करतो. पूजा जरूर करावी, मात्र मेनस्विच बंद करून. आणि नारळ पेटीच्या दांड्याजवळ न फोडता ओट्याखाली, दूर फोडावा. नारळाचे पाणी पेटीत गेले तर ते साध्या पाण्यापेक्षा चांगले वीजवाहक असते. हार पेटीवर न घालता शेजारच्या फळीवर ठेवावा. सुकलेला हार महिनोन् महिने तेथेच लोंबतो व त्यात किडे घर करतात.

झटका बसून कोणी चिकटून राहिल्यास त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेनस्विच बंद करावा. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीने माणसाला वायरपासून दूर ढकलावे. मात्र तुटून पडलेली तार डी.पी.च्या वरची, ११ केव्ही लाइनची असेल तर काठी घेऊनही जवळ जाऊ नये, वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावे व मदत येईपर्यंत थांबू नये. येथेही जागा लागते. आडव्या पडलेल्या माणसाच्या शेजारी गुडघे टेकून बसता येईल एवढी जमीन पेटीजवळ मोकळी नसेल, तर त्याला आधी ओढत न्यावे लागते आणि त्यात मोलाची मिनिटे जातात.

पेटी हलवायची असल्यास मीटरपर्यंतचे काम वीज कंपनीकडे अर्ज करून व मीटरच्या पुढचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे. नव्या जागी अर्थिंगसाठी अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित पाइप पुरावा व उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जावे. हे काम उन्हाळी भुईमूग निघाल्यावर, मृगाच्या आधी उरकावे. तेव्हा जमीन कोरडी असते आणि वायरमनही सापडतो. आमच्या विहिरीवर ओट्याच्या कडेने चुन्याची रेघ मारली आहे. गडी नवीन आला की गोणी रेघेच्या आत ठेवतो, आणि चुलत भाऊ काही न बोलता ती उचलून बाहेर ठेवतो.